खिंड राखणारा खेळाडू

शाहूवाडी तालुक्याचें नांव निघालें कीं विशाळगड आठवतो, आणि त्यापाठोपाठ १६६० सालच्या जुलै महिन्यांतील पावनखिंड. बाजीप्रभूंनीं तेथें नवा मुलूख जिंकला नाहीं; शत्रूस रोखून धरलें, एवढेंच. परंतु पुढचें सारें त्या रोखण्यावरच अवलंबून होतें. हॉकीच्या खेळांत गोलरक्षकाचें काम याच जातीचें असतें. त्यानें काय मिळविलें हें दिसत नाहीं. काय टाळलें हें मोजावयाचें असतें.

या कामांत भारताला मिळालेला थोर पुरुष म्हणजे कॅप्टन शंकर लक्ष्मण. त्यांचा जन्म ७ जुलै १९३३ रोजीं इंदूरनजीकच्या महू छावणींत झाला. १९४७ सालीं, कॉलेजांत जाण्याच्याही आधींच्या वयांत, बँडवाला पोरगा म्हणून ते लष्करांत शिरले. प्रथम त्यांचा ओढा फुटबॉलकडे होता. हॉकी मागाहून आली. जन्मानें ते महाराष्ट्रीय नव्हेत; परंतु त्यांची पलटण मराठा लाइट इन्फंट्री. जिचें केंद्र बेळगांवास आहे आणि जींत कोल्हापूर-साताऱ्याकडील घरोघरचीं मुलें भरती होतात, तीच ही पलटण. तेव्हां त्यांना आपले म्हणण्यास कोणाची हरकत नसावी.

कानडा-अमेरिकेंतील कॉलेजांत बर्फावर हॉकी खेळतात. तेथील गोल सहा फूट रुंद व चार फूट उंच. रक्षक मात्र आपादमस्तक चिलखतांत असतो. आपल्या मैदानी हॉकीचा गोल बारा फूट रुंद व सात फूट उंच, चेंडू सुमारें साडेपांच औंसांचा व दगडासारखा टणक. त्या काळचा रक्षक पायांना पॅड बांधून, पण उघड्या डोक्यानेंच हें दार सांभाळीत असे.

१९५६ सालीं मेलबर्न येथें भारतानें पांच सामन्यांत अडतीस गोल केले. भारतावर एकही झाला नाहीं. अंतिम सामन्यांत पाकिस्तानविरुद्ध लक्ष्मण गोलांत उभे होते, निकाल १-०. १९६० सालीं रोम येथें त्याच पाकिस्ताननें एक गोल केला, आणि १९२८ पासून अखंड चालत आलेलें सुवर्णपदक गेलें. १९६४ सालीं टोकियोंत पुन्हां तोच प्रतिस्पर्धी, पुन्हां १-०, आणि सुवर्ण परत आलें. तीन अंतिम सामने, आणि त्यांच्यावर गोल अवघा एक! आघाडीच्या खेळाडूच्या दहा चुका लोक विसरतात. रक्षकाची एकच चूक इतिहासांत नोंदली जाते.

१९६६ सालीं त्यांच्याच नेतृत्वाखालीं भारतीय संघानें बँकॉक येथील आशियाई स्पर्धा जिंकली. अर्जुन पुरस्कार व पद्मश्री हे सन्मान त्यांना मिळाले. १९६८ च्या ऑलिंपिकसाठीं निवड झाली नाहीं, तेव्हां त्यांनीं खेळ सोडला, आणि १९७९ सालीं लष्करांतून निवृत्त होऊन ते महूस राहिले.

शेवट मात्र मनास चटका लावणारा आहे. उतारवयांत पायास गँग्रीन झाला. ज्या पायांनीं देशाचें दार राखलें, त्यांच्या औषधपाण्यास पैसा पुरेना. २९ एप्रिल २००६ रोजीं त्यांचें निधन झालें.

मुलांना मैदानावर धाडा, असें आम्ही आवर्जून सांगूं. परंतु कीर्ति ताजी आहे तोंवरच खेळाडूच्या उत्तरायुष्याची तजवीज झाली पाहिजे, हेंही तितक्याच आग्रहानें सांगूं. एकत्र कुटुंबांत संसाराचें दार मुकाट्यानें राखणारें एखादें माणूस असतेंच. त्याच्या म्हातारपणाची काळजी घेणें हा उपकार नव्हे, घराचा धर्म होय. राष्ट्राचाही धर्म याहून निराळा नाहीं.