अपस्माराचे औषध आणि अंगातील पाणी

अपस्मार, ज्याला आपण फेफरे किंवा मिरगी म्हणतो, तो नियमित औषधाने बहुतेकांच्या बाबतीत आटोक्यात राहतो, हे आता घरोघरी ठाऊक झाले आहे. परंतु त्यांपैकी काही औषधांनी अंगातील पाण्याचा समतोल बिघडू शकतो, हे फार थोड्यांस माहीत असते.

बाझेल येथील गायगी कंपनीत वाल्टर शिंडलर या रसायनशास्त्रज्ञाने १९५३ साली कार्बामाझेपिन शोधून काढले. ते आजही असंख्य रोग्यांना उपयोगी पडते. ऑक्सकार्बाझेपिन हे त्याचेच धाकटे भावंड. त्याने हा बिघाड अधिक वेळा होतो.

अंगातील जादा पाणी मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. ही औषधे काही रोग्यांत ते पाणी अडवून धरतात, आणि रक्तातील सोडियम विरळ होते. आमटीत पाणी वाढले म्हणजे ती अळणी लागते, तसेच हे. दर लिटर रक्तद्रवात १३५ ते १४५ मिलिमोल सोडियम असावे. ते थोडे उतरले तर बहुधा काही जाणवत नाही; झपाट्याने किंवा फार उतरले, तर मेंदूच्या पेशी पाण्याने फुगतात. डोके दुखते, मळमळते, सुस्ती येते, माणूस असंबद्ध बोलतो, पडतो आणि त्याला फेफरेही येते.

खरा धोका येथेच आहे. घरच्यांस वाटते, दुखणे बळावले. म्हणून ते गोळी वाढवितात. त्याने सोडियम आणखी उतरते. दुसरे कोणी भिऊन गोळी एकाएकी बंद करतात. मग फेफऱ्यामागून फेफरे येऊन प्राणावर बेतते. यांतील काहीच आपल्या मनाने करू नये. रोग्यास त्वरित डॉक्टरांकडे न्यावे, चालू असलेली सारी औषधे बरोबर घ्यावीत आणि रक्तातील सोडियम तपासण्याविषयी विचारावे.

वृद्धांनी व रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्यांनी विशेष सावध असावे. औषध सुरू झाल्यावर पहिले तीन महिने अधिक जपावेत. तहानेपेक्षा फार जास्त पाणी आग्रहाने पाजू नये. मीठ चारून घरगुती उपायही करू नये. फार उतरलेले सोडियम रुग्णालयात बेताबेतानेच वाढवावे लागते, कारण ते एकदम वाढले तरी मेंदूस इजा होते.

तेव्हा गोळी वेळेवर द्यावी, आणि ती घेणारा एरव्हीपेक्षा मंद किंवा गोंधळलेला दिसला, तर त्याला आळशी म्हणून हिणवण्यापूर्वी त्याचे रक्त तपासून घ्यावे.