शब्द कळला की पर्याय सापडला?

चीनमध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची एक देशव्यापी परीक्षा घेतली जाते. तिची चौथी पातळी १९८७ साली आणि अधिक अवघड अशी सहावी पातळी १९८९ साली सुरू झाली. वर्षाकाठी एक कोटीहून अधिक विद्यार्थी या परीक्षेला बसतात. अनेक विद्यापीठांनी बराच काळ पदवीच या परीक्षेशी जोडली होती, आणि नोकरी देणारेही तिचे गुण विचारतात. २००५ मध्ये उत्तीर्ण-अनुत्तीर्णाचा शिक्का काढून ७१० पैकी गुण देण्याची पद्धत आली.

एवढे ज्याच्यावर अवलंबून आहे, तो आकडा नेमके काय मोजतो? विद्यार्थ्याला शब्द येतो हे, की त्याला पर्याय शोधता येतो हे? या लेखात आपण हा प्रश्न तपासून पाहू.

अवघड शब्द अवघड का?

फ्रेंच किंवा स्पॅनिश विद्यार्थ्याला इंग्रजीतले पुष्कळ कठीण शब्द ओळखीचे वाटतात, कारण ते लॅटिन वा ग्रीक मुळांतून त्याच्याही भाषेत आलेले असतात. चिनी विद्यार्थ्याला ही सवलत नाही. चिनी भाषा नव्या कल्पनेसाठी बहुधा आपल्याच साध्या शब्दांची जोडणी करते. 'वीज' आणि 'मेंदू' यांच्या जोडीतून संगणक, 'वीज' आणि 'बोलणे' यांतून दूरध्वनी. हृदयरोगशास्त्राच्या चिनी नावात हृदय, रोग आणि शास्त्र हे तिन्ही शब्द उघड दिसतात, जसे ते आपल्या मराठी नावातही दिसतात. इंग्रजी 'कार्डिऑलॉजी'त मात्र 'हार्ट' कुठेच दिसत नाही. असे हजारो शब्द निराळे पाठ करावे लागतात.

पाठांतर बहुधा 'एक शब्द, एक अर्थ' अशा यादीतून होते. 'नॉव्हेल' म्हणजे कादंबरी हे पाठ असलेला विद्यार्थी 'नॉव्हेल आयडिया' या शब्दांपाशी अडतो, कारण तिथे अर्थ 'अभिनव' असा आहे. चिनी शिक्षकांत यासाठी 'ओळखीचा शब्द, अनोळखी अर्थ' अशी संज्ञाच रूढ आहे. प्रगत शब्दसंग्रह म्हणजे केवळ दुर्मिळ शब्द नव्हेत, हे यावरून ध्यानात येईल.

साठा कसा मोजतात?

सगळे शब्द विचारणे अशक्य, म्हणून नमुना घ्यावा लागतो. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन आणि त्यांचे सहकारी डेव्हिड बेगलर यांनी २००७ मध्ये मांडलेल्या चाचणीत इंग्रजीतील १४,००० शब्दकुटुंबे वापराच्या वारंवारतेनुसार हजाराहजारांच्या गटांत विभागली आहेत. ('हेल्प', 'हेल्पफुल', 'हेल्पलेस' मिळून एक कुटुंब.) प्रत्येक गटातून १० असे एकूण १४० प्रश्न. बरोबर उत्तरांना १०० ने गुणले की साठ्याचा अंदाज मिळतो.

या चाचणीची चिनी पर्याय असलेली आवृत्तीही आहे. तिचे कारण समजण्याजोगे आहे. अर्थाचे पर्याय इंग्रजीत दिले, तर विद्यार्थी शब्दामुळे चुकला की पर्यायातील वाक्यरचनेमुळे, हे कळत नाही. पर्याय मातृभाषेत असले की हा गोंधळ टळतो.

पण प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आहेत. ज्याला एकही शब्द येत नाही त्याने डोळे मिटून खुणा केल्या, तरी सरासरीने ३५ उत्तरे बरोबर येतील आणि साठा निघेल ३,५०० शब्दकुटुंबांचा! आता ज्याला खरोखर ६० उत्तरे येतात असा विद्यार्थी घेऊ. उरलेल्या ८० मध्ये अंदाजाने आणखी २० बरोबर आली, की त्याचा ६,००० चा साठा ८,००० दिसू लागतो.

हा फरक किरकोळ नाही. नेशन यांनी २००६ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, कादंबरी किंवा वृत्तपत्र कोणाच्या मदतीविना वाचायला ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबे लागतात. त्यामागचे गृहीत असे, की मजकुरातले ९८ टक्के शब्द वाचकाला माहीत असावेत, म्हणजे दर ५० शब्दांत फार तर एक अनोळखी. तीनशे शब्दांच्या पानावर असे ६ शब्द येतील. प्रमाण ९५ टक्क्यांवर आले की तेच १५ होतात. आपला विद्यार्थी कागदावर वाचक ठरला, पण पुस्तक उघडल्यावर अडखळणारच.

गाळलेल्या जागा

गाळलेल्या जागांचा प्रश्न चीनला नवा नाही. तांग राजवटीतील (इ. स. ६१८ ते ९०७) राजसेवा परीक्षेत प्राचीन ग्रंथातील काही अक्षरांवर कागदाची पट्टी चिकटवत आणि उमेदवाराने ती अक्षरे सांगायची असत. तिथे पाठांतराचीच परीक्षा होती. १९५३ मध्ये अमेरिकेत विल्सन टेलर यांनी मजकूर वाचायला किती सोपा हे मोजण्यासाठी ठरावीक अंतराने शब्द गाळण्याची पद्धत मांडली. तिथे मजकूर नवा असतो, म्हणून संदर्भ समजावा लागतो.

चिनी परीक्षेच्या सहाव्या पातळीत एका उताऱ्यात १० जागा आणि खाली १५ शब्द देतात. आता गंमत पाहा. चिनी भाषेत क्रियापद काळानुसार रूप पालटत नाही, त्यामुळे इंग्रजी शब्दांची रूपे वर्गात कसून शिकवली जातात. 'शन' हा शेवट असला की बहुधा नाम, 'अस' असला की बहुधा विशेषण. जागेत नाम हवे हे ओळखले आणि यादीत नामे चारच असली, तर पंधरांतून निवड करायची ती चारांतून होते. शब्दांचा अर्थ अजून कोणी विचारलेलाच नाही! व्याकरणाची जाण ही खोटी जाण नव्हे, पण तिला शब्दज्ञान म्हणून गुण देऊ नयेत.

उतारा झाकून पाहा

आकलनाचे प्रश्नही असेच फसवतात. समजा, प्रश्न आहे : 'पाणी उकळून का प्यावे?' पर्याय : जंतू मरतात, चव गोड होते, वजन वाढते, भांडे स्वच्छ राहते. उतारा वाचायची गरजच काय? अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेच्या वाचनप्रश्नांवर १९९० मध्ये संशोधकांनी हा प्रयोग केला. उतारे न देताही विद्यार्थ्यांना निव्वळ अंदाजाने मिळाले असते त्याहून बरेच अधिक गुण मिळाले. चिनी विद्यार्थ्याला वसंतोत्सवावरचा इंग्रजी उतारा दिला, तर तो पुष्कळशी उत्तरे घरच्या अनुभवातूनच देईल.

यावर उपाय वर्गात करण्यासारखे आहेत, आणि ते आपल्या मराठी माध्यमाच्या वर्गालाही लागू पडतात. पहिला, प्रश्नपत्रिका देण्यापूर्वी दुसऱ्या तुकडीतील काही मुलांना उतारा झाकून प्रश्न सोडवायला द्यावेत. चार पर्यायांच्या प्रश्नात पाव मुलांहून खूप अधिक मुले बरोबर आली, तर तो प्रश्न बाद करावा. दुसरा, 'माहीत नाही' असा पाचवा पर्याय ठेवावा आणि तो निवडल्यास गुण कापले जाणार नाहीत, हे आधीच सांगावे. तिसरा, उत्तर ज्या वाक्यावरून मिळाले ते वाक्य अधोरेखित करायला लावावे. तपासायला वेळ अधिक लागतो हे खरे. पण ज्याला आठवड्याला आणखी शंभर शब्द शिकवायला हवेत आणि ज्याला केवळ धीराने वाचायला शिकवायला हवे, ते दोन विद्यार्थी एरवी सारख्याच गुणांखाली लपून राहतात.