जुन्या घरगाडीची इंधनभूक

चंदीगडहून पश्चिमेस निघालेला हमरस्ता सुमारे पंधरा किलोमीटरवर पंजाबातील खरड या गावी येतो आणि तेथे दुभंगतो. एक फाटा लुधियान्याच्या सपाट मैदानाकडे जातो. दुसरा रूपनगर, किरतपूर साहिब, बिलासपूर, मंडी असे टप्पे घेत मनालीच्या डोंगरांत शिरतो. मनालीकडे जाणाऱ्याला खरडनंतर साठेक किलोमीटर मैदान मिळते. किरतपूर मागे पडले की घाट सुरू होतो. वाहनाविषयी मनात काही शंका असेल, तर ती फेडून घेण्याची जागा घाटाच्या अलीकडचीच असते.

खरडच्या एका गॅरेजात एक जुनी मॅटाडोर उभी आहे, अशी कल्पना करावी. नोकरीनिमित्त चंदीगडला स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांनी ती विकत घेऊन तिची घरगाडी केली आहे. आत दोन बाके, त्यांचीच रात्री शय्या. एक ओटा, गॅसची लहान शेगडी, पाण्याची टाकी. छपरावर सामानाची जाळी. गृहस्थांच्या पत्नी प्रवासखर्चाची वही नेमाने लिहितात. त्या वहीनुसार गाडी पूर्वी एका लिटर डिझेलमध्ये बारा किलोमीटर जात असे. आता आठच जाते. मिस्त्री धुराड्याकडे पाहतो आणि सांगतो, “पंप उतरवावा लागेल, जी.” डिझेल पंप उतरवून दुरुस्त करणे हे खर्चाचे काम असते. पंप खरोखर बिघडला असेल तर तो खर्च योग्यच. मात्र तसे अजून सिद्ध झालेले नाही.

मॅटाडोर हे नाव मराठी माणसाला परके नाही. पुण्याजवळच्या आकुर्डी येथील बजाज टेम्पो या कंपनीने 1969 मध्ये ही गाडी आणली. 1982 मध्ये डायमलर-बेंझ या जर्मन कंपनीशी करार होऊन ओएम 616 हे डिझेल इंजिन येथे बनू लागले. भाजीबाजारापासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत या गाडीने इतकी कामे केली, की पुढे कोणत्याही खोकेवजा लहान वाहनाला लोक मॅटाडोर म्हणू लागले. कंपनीचे नाव 2005 मध्ये फोर्स मोटर्स झाले. कायद्याच्या भाषेत ‘विंटेज’ मात्र वेगळे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ रूपात राखलेले खासगी वाहनच त्या वर्गात नोंदवता येते, आणि असे वाहन नेहमीच्या प्रवासासाठी वापरता येत नाही. ओटा-शय्या बसवलेली गाडी त्या मानाला पात्र नसते; तिला फक्त जुनी म्हणावे.

इंधन जास्त लागणे हा रोग नव्हे, लक्षण होय. ताप आलेल्या माणसाला पाहताच वैद्य शस्त्रक्रिया सुचवीत नाही. तो आधी ताप मोजतो. येथेही पहिले काम मोजण्याचे आहे. टाकी काठोकाठ भरावी, ठरावीक अंतर जावे, परत येऊन त्याच पंपावर, गाडी त्याच जागी उभी करून पुन्हा तितकीच भरावी. दुसऱ्या वेळी जेवढे डिझेल मावले, तेवढे खर्च झाले. भरताना डिझेलला फेस येतो. तो बसू देऊन मगच उरलेले भरावे, नाही तर लिटरभराची चूक सहज होते. टाकीचा काटा पाहून केलेल्या हिशेबाला काही किंमत नाही. ही चाचणी घाटात न घेता लुधियान्याच्या सपाट रस्त्यावर घ्यावी. उंचीवर हवा विरळ होते. रोहतांग खिंड 3,978 मीटरवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी असतो. अशा ठिकाणी जुन्या डिझेल इंजिनाने काळा धूर सोडला, तर तो इंजिनाचा दोष नसून प्राणवायूची तूट असते. तेथे पंपाला हात लावणारा मिस्त्री चांगली गाडी बिघडवतो.

आता अंतराचा प्रश्न. मीटर किलोमीटर दाखवतो, पण प्रत्यक्षात तो चाकाचे फेरे मोजत असतो. मूळ मापाऐवजी थोरले टायर बसवले असतील, तर तेवढ्याच अंतरात फेरे कमी होतात आणि मीटर मागे पडतो. समजा, मैलाच्या दगडांप्रमाणे वीस किलोमीटर झाले आणि मीटरने एकोणीसच दाखवले. (दगडांवरचे आकडे किलोमीटरचे झाले तरी मराठीत ते मैलाचेच दगड राहिले.) या गाडीने दगडांप्रमाणे 168 किलोमीटर अंतर कापले आणि 20 लिटर डिझेल घेतले, तर खरा आकडा 8.4 येतो, मीटरवर विसंबल्यास तो 8 च्याही किंचित खाली जातो. म्हणजे वहीतील तुटीचा एक लहान वाटा तुटीचा नव्हताच.

यानंतर गाडी उभी असताना काय जळते, याचा विचार करावा. साध्या वाहनात हा प्रश्न फारसा येत नाही, घरगाडीत येतो. पंखा, दिवे, बॅटरी यांसाठी संध्याकाळी तासन्‌तास इंजिन चालू ठेवले जाते. एवढे इंजिन नुसते चालू राहिले, तरी तासाला अर्ध्या लिटरच्या पुढेमागे डिझेल जाते. वहीत ते डिझेल चढते, अंतर मात्र शून्य. वजनही असेच नकळत वाढते: दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, अर्थात तीन धडधाकट माणसे. छपरावरची जाळी हवा अडवते, आणि हवेचा हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 60 ऐवजी 80 किलोमीटर वेग धरला, तर विरोध जवळजवळ पावणेदोनपट होतो. टायरांत हवा कमी असेल, तर तेथेही इंधन जिरते. यातील एकाही कारणासाठी पाना हाती घ्यावा लागत नाही.

मग धुराकडे वळावे. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. पण डिझेल जास्त येत आहे की हवा कमी पडत आहे, हे धूर सांगत नाही. म्हणून प्रथम एअर फिल्टर काढून पाहावा. पिकांच्या कापणीच्या दिवसांत पंजाबच्या रस्त्यांवर उडणारी धूळ आणि भुसा त्यात गच्च बसलेला असू शकतो. तो स्वच्छ असेल तर नोझल काढून दुकानातील यंत्रावर तपासून घ्यावेत. डिझेलचा बारीक तुषार पडायला हवा. धार किंवा थेंब पडत असतील तर ते नीट जळत नाही. हा तुषार हातावर कधीही घेऊ नये. त्याचा दाब इतका असतो, की डिझेल कातडी भेदून आत शिरते, आणि ती जखम बाहेरून टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी हात गमावण्याची वेळ येऊ शकते. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा किंवा आत शिरलेल्या पाण्याचा, निळा इंजिन ऑइलचा. पंपाची पाळी या सर्वांनंतर येते.

एक दोष तर हौसेने केलेला असतो. इंजिन तापते म्हणून कोणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकतो. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरील झडप. इंजिन पुरेसे गरम होईपर्यंत ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. ती नसेल तर चंदीगडच्या धुक्याच्या हिवाळ्यात इंजिन मैलोगणती थंडच धावते, आणि थंड इंजिन जास्त खाते.

जुनी घरगाडी पेट्रोलची असेल, तर तपासाची वाट थोडी निराळी होते. 1960 आणि 1970 च्या दशकांत युरोपातून खुष्कीच्या मार्गाने भारतात येणाऱ्या प्रवाशांजवळ फोक्सवॅगनच्या अशा गाड्या असत. त्यांत कार्ब्युरेटर आणि अडकून राहिलेला चोक पाहावा लागतो. आज आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळले, तर लिटरमागे ऊर्जाच सुमारे 6 ते 7 टक्क्यांनी घटते. तेवढी तूट दुरुस्त करणे कोणत्याही मिस्त्रीच्या हातात नाही. जुने रबरी नळ मात्र इथेनॉलने खराब होऊ शकतात. ते बदलणे त्याच्या हातात आहे.

खरडच्या गॅरेजातील मॅटाडोरचा फिल्टर स्वच्छ निघाला, नोझलही ठीक होते, आणि मिस्त्री ज्याच्यावरून पंपापर्यंत पोचला होता तो धूर, इंजिन सपाट रस्त्यावर चांगले तापल्यावर, फिकट झाला. राहिली एक अगदी साधी परीक्षा. गाडी दहा-पंधरा किलोमीटर ब्रेक शक्यतो न वापरता चालवावी, गिअर उतरवीत हळूहळू थांबवावी आणि प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन, ड्रमला न चिकटवता, ऊब पाहावी. तीन चाके कोमट आणि मागचे डावे चाक असे, की हात जवळ नेववेना. जॅकवर उचलून ते फिरवले तर अर्ध्या फेऱ्यातच थांबले. ब्रेकचा शू ड्रमला सतत घासत होता. वर्षातील बहुतेक महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत असे होते: हातब्रेकची तार गंजून अडकते, किंवा चाकाच्या सिलिंडरमधील पिस्टन परत येत नाही. इंजिन इतके दिवस गाडी ओढत होते आणि ब्रेक तिला धरून ठेवत होता.

येथे प्रश्न डिझेलपुरता उरत नाही. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. असे जुने तेल तापलेल्या चाकात उकळले, तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. मग पायाखालचा पेडल जमिनीला टेकतो आणि गाडी थांबत नाही. मैदानावर ही गोष्ट ध्यानात येत नाही, कारण तेथे ब्रेक क्वचित लागतो. बिलासपूरच्या उतारावर, मागे गॅसची टाकी आणि माणसे असताना, ती ध्यानात आली असती. पंपावर पैसे खर्चून ती गाडी त्याच चाकासह घाटात शिरली असती.

तार बदलली, चारही चाकांचे सिलिंडर खोलून पाहिले, ब्रेकचे तेल नवे भरले, आणि पाण्याची टाकी निम्मी रिकामी केली. मग त्याच पंपावरून, त्याच रस्त्याने पुन्हा 168 किलोमीटर. या वेळी साडेपंधरा लिटर डिझेल लागले. आकडा 10.8 आला, पूर्वीचा 12 नव्हे. ओटा, शय्या आणि छपरावरची जाळी यांचे वजन गाडीत होतेच. वहीत तारीख घालून तो लिहिला गेला, शेजारी ‘मीटर विसास एक मागे’ अशी टीप केली गेली, आणि मिस्त्रीने पंपाला न लावलेला पाना पुन्हा पेटीत ठेवला.