मुळशीचा सत्याग्रह : मोबदला आणि संमती

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे जाणारा रस्ता मुळशीच्या जलाशयाच्या काठाने बराच अंतर जातो. सह्याद्रीच्या कुशीतील हे विस्तीर्ण पाणी, पावसाळ्यात त्यावर उतरणारे ढग आणि सभोवारचे हिरवे डोंगर पाहून प्रवासी क्षणभर थांबतो. परंतु या पाण्याखाली एके काळी नांदत्या गावांचे खोरे होते, आणि ते वाचविण्यासाठी येथील शेतकऱ्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ झुंज दिली, हे त्याला सहसा ठाऊक नसते. मुळशीचा सत्याग्रह या नावाने इतिहासात नोंदली गेलेली ही झुंज धरणामुळे विस्थापित होणाऱ्यांनी संघटितपणे केलेल्या जगातील अगदी आरंभीच्या लढ्यांपैकी एक मानली जाते. तो लढा यशस्वी झाला नाही. तथापि, तो का उभा राहिला आणि का मोडला, याचा विचार ग्रामीण भागात काम करणाऱ्या प्रत्येकास आजही उपयोगी पडण्यासारखा आहे.

खोरे आणि योजना

मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळचा हा प्रदेश त्या काळी मुळशी पेटा म्हणून ओळखला जाई. घाटमाथ्यावरील मुसळधार पाऊस आणि खोऱ्यातील सुपीक जमीन यांमुळे येथे उत्तम भात पिके. आंबेमोहोर तांदळासाठी हा भाग प्रसिद्ध होता. जमीन कसणारे बहुतेक मावळे शेतकरी होते. मात्र कर्जापायी बऱ्याच जमिनी पुण्यातील सावकारांच्या नावावर गेल्या होत्या. कसणारा एक आणि दप्तरी मालक दुसरा, अशी स्थिती अनेक ठिकाणी होती. पुढे या लढ्याचे भवितव्य ठरविण्यात या स्थितीचा मोठा वाटा होता.

मुंबईच्या कापड गिरण्या त्या वेळी मुख्यतः कोळशावर चालत. घाटमाथ्यावर पडणारे पावसाचे पाणी अडवून ते कोकणच्या बाजूस खाली सोडले, तर त्या वेगाने वीज निर्माण करता येईल, या कल्पनेतून टाटा समूहाने 1910 मध्ये पहिली जलविद्युत कंपनी स्थापन केली. खोपोली येथील वीजगृह 1915 मध्ये सुरू झाले. त्यापाठोपाठ आंध्रा खोऱ्यातील योजना हाती घेण्यात आली व 1919 मध्ये मुळशीच्या योजनेसाठी टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. पूर्वेकडे वाहणाऱ्या मुळेचे पाणी बांध घालून अडवावयाचे, बोगद्यातून पश्चिमेकडे वळवावयाचे आणि सुमारे 500 मीटर खाली, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील भिरा येथे नेऊन त्यावर वीज निर्माण करावयाची, अशी ही योजना होती. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती कुशल होती आणि देशी भांडवलावर उभी राहणारी असल्याने अनेक सुशिक्षितांना तिचे कौतुकही वाटे.

परंतु या योजनेत सुमारे 50 गावे बाधित होणार होती आणि सुमारे 10 हजार माणसांचे घर, शेत अथवा उपजीविका जाणार होती. त्यांना कोणी विचारले नव्हते. कंपनीची माणसे मोजणीसाठी खोऱ्यात आली आणि शेतांत चर खणू लागली, तेव्हा आपल्या जमिनीवर काही घडणार असल्याचे अनेकांना प्रथमच कळले.

कायदा कोणाच्या बाजूस होता

या ठिकाणी त्या काळच्या कायद्याची रचना ध्यानात घेणे अगत्याचे आहे. 1894 च्या भूमिसंपादन कायद्यानुसार सरकारला सार्वजनिक प्रयोजनासाठी, तसेच विहित अटींवर एखाद्या कंपनीसाठीही जमीन सक्तीने घेता येत असे. मोबदल्याची रक्कम अपुरी वाटल्यास न्यायालयात दाद मागता येई. जमीन घ्यावी की न घ्यावी या मूळ प्रश्नावर मात्र जमीनधारकाचे म्हणणे ऐकून घेण्याची तरतूद कायद्यात नव्हती. हरकत घेण्याचा व सुनावणीचा हक्क देणारे कलम 5-अ या कायद्यात 1923 च्या दुरुस्तीने आले. मुळशीचा शेतकरी 1921 मध्ये 'किंमत वाढवून द्या' असे कायद्याने म्हणू शकत होता, परंतु 'जमीन देणार नाही' असे म्हणण्यासाठी त्याला कायद्यात जागा नव्हती. जे कायद्यात म्हणता येत नव्हते, ते त्याने धरणाच्या जागेवर बसून म्हटले.

रामनवमी, 1921

1920 पासून देशात असहकाराचे आंदोलन सुरू झाले होते. अन्यायाच्या कायद्यास शांततेने नकार देता येतो, हा विचार खेडोपाडी पोहोचला होता. मुळशीच्या शेतकऱ्यांच्या सभा होऊ लागल्या आणि पुण्यातील कार्यकर्ते त्यांच्या मदतीस आले. त्यांत पांडुरंग महादेव बापट, शंकरराव देव, विनायकराव भुस्कुटे हे प्रमुख होते. 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनीही या लढ्यात तुरुंगवास पत्करला. 'जान किंवा जमीन' ही लढ्याची घोषणा होती.

16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे 1,200 माणसे धरणाच्या जागेवर जमली आणि तेथेच ठाण मांडून बसली. त्यांत स्त्रिया होत्या, मुलेही होती. त्यांच्या उपस्थितीमुळे मजुरांना काम करता येईना. काम बंद पडले. महात्मा गांधींनी त्याच महिन्यात 'यंग इंडिया'मधून या सत्याग्रहाची दखल घेतली आणि गरिबांच्या इच्छेविरुद्ध ही योजना पुढे रेटू नये, असे आवाहन टाटांना केले. पुढे कंपनीने सहा महिने काम थांबविण्याचे मान्य केले. निःशस्त्र शेतकऱ्यांनी एका बलाढ्य कंपनीस व तिच्या पाठीशी असलेल्या राजसत्तेस थांबावयास लावले होते.

फूट आणि पराभव

मुदत संपताच चित्र पालटले. सरकारने भूसंपादनाची कार्यवाही पुढे नेली आणि प्रश्नास मोबदल्याचे रूप आले. येथेच लढ्यातील दोन हितसंबंध उघड झाले. ज्या सावकारांच्या नावावर जमिनी होत्या, त्यांच्या दृष्टीने जमीन ही मुख्यतः गुंतवणूक होती. चांगली रक्कम मिळत असेल, तर ती घेऊन मोकळे होण्यात त्यांचे नुकसान नव्हते. कसणाऱ्या कुळाला मात्र जमीन गेली म्हणजे घर, गुरे, गावकी आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा आधार एकदमच जात होता. त्याच्या हाती पडणारी रक्कम थोडी होती अथवा मुळीच नव्हती, आणि जी मिळे तिच्यावर कर्जाचा डोळा असे. नेत्यांमध्येही दोन मते झाली. अधिक मोबदला मिळवून तडजोड करावी असे काहींना वाटू लागले. बापट व त्यांचे सहकारी जमीन न सोडण्याच्या निश्चयावर कायम राहिले.

डिसेंबर 1921 मध्ये सत्याग्रहाचे दुसरे पर्व सुरू झाले. या वेळी सरकारने कठोर धोरण स्वीकारले. धरणाच्या जागेवर जाणाऱ्यांना अटक करण्यात येऊ लागली आणि शेकडो सत्याग्रहींना तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. त्यांत मावळातील शेतकरी होते, बाहेरून आलेले स्वयंसेवक होते आणि स्त्रियाही होत्या. बापट यांना तर वारंवार तुरुंगात जावे लागले. एकीकडे अटका चालू होत्या आणि दुसरीकडे भिंत वर चढत होती. एकेक कुटुंब मोबदला घेऊन बाहेर पडू लागले. पुढे गांधीजींनीही लढा थांबविण्याचा सल्ला दिला. बहुतेकांनी मोबदला स्वीकारला आहे, धरणाचे काम बरेच पुढे गेले आहे आणि लढ्याचे नेतृत्व अहिंसेवर पूर्णतः विश्वास ठेवणारे नाही, अशी त्यांची कारणे होती.

शेवटचा प्रसंग 9 डिसेंबर 1924 रोजी घडला. बापट आणि त्यांच्या मोजक्या साथीदारांनी सशस्त्र होऊन, रुळांवर दगड रचून धरणाच्या कामावरील रेल्वेगाडी अडविली. ते पळून गेले नाहीत. त्यांच्यावर खटला चालला व बापट यांना सात वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. 1931 मध्ये ते सुटले, तेव्हा मुळशीचे खोरे जलमय होऊन गेले होते. भिरा येथील वीजगृह 1927 मध्येच सुरू झाले होते.

सेनापती

बापट यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1880 रोजी पारनेर येथे झाला. डेक्कन कॉलेजातील शिक्षणानंतर ते शिष्यवृत्तीवर एडिंबरोस गेले. तेथे परकी सत्तेविरुद्ध केलेल्या भाषणामुळे त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली. पुढे त्यांनी पॅरिसमध्ये बाँब तयार करण्याची विद्या मिळविली आणि मायदेशी परतल्यावर काही काळ अज्ञातवासात काढला. शस्त्रमार्गाने निघालेला हा माणूस मुळशीत निःशस्त्र शेतकऱ्यांच्या रांगेत बसला, आणि तेथेच जनतेने त्यांना 'सेनापती' ही पदवी दिली. पहिल्या दिवसाच्या शांत ठिय्यापासून शेवटच्या दिवशी गाडी अडविण्यापर्यंतचा त्यांचा प्रवास सर्वांनाच मान्य होण्यासारखा नाही. ऐकले न गेलेले गाऱ्हाणे शेवटी कोणत्या टोकास जाते, याची मात्र तो साक्ष देतो. 28 नोव्हेंबर 1967 रोजी त्यांचे निधन झाले. पुण्यातील सेनापती बापट मार्गावरून रोज हजारो लोक जातात. ही पदवी मुळशीच्या चिखलात मिळाली होती, हे त्यांना सांगण्याचे काम शिक्षकांचे आहे.

मुळशीने मागे ठेवलेला प्रश्न

मुळशीची वीज मुंबईला उपयोगी पडली, यात शंका नाही. सत्याग्रहींचा आक्षेप विजेवर नव्हताच. एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याचे सर्वस्व घ्यावयाचे असेल, तर ते कोणाच्या हुकमाने, हा त्यांचा प्रश्न होता. प्रतिपक्षी कंपनी देशी असल्यामुळे हा प्रश्न अधिकच अवघड झाला. परकी सत्तेविरुद्ध लढणे आणि स्वदेशी उद्योगाविरुद्ध लढणे यांत फरक करावा, असे अनेकांना वाटे. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र, न विचारता घेणारा हात देशी की परदेशी याने फारसा फरक पडत नव्हता.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचे उत्तर कायद्यात हळूहळू उतरले. प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र कायदा करण्यात महाराष्ट्राने 1976 मध्ये पुढाकार घेतला. त्यानंतर 1986 व 1999 मध्ये या विषयावर नवे कायदे झाले. केंद्राच्या 2013 च्या भूसंपादन, पुनर्वसन व पुनर्वसाहत विषयक कायद्याने 1894 चा कायदा रद्द केला. नवा कायदा 1 जानेवारी 2014 पासून अंमलात आला. खाजगी कंपनीसाठी जमीन संपादित करावयाची झाल्यास बाधित कुटुंबांपैकी किमान 80 टक्के कुटुंबांची पूर्वसंमती त्याने आवश्यक केली. सामाजिक परिणामांचा अभ्यास पंचायतीशी विचारविनिमय करून करावा, त्यासाठी जाहीर सुनावणी घ्यावी आणि अहवाल स्थानिक भाषेत प्रसिद्ध करावा, असे त्यात सांगितले आहे. प्राथमिक अधिसूचनेनंतर 60 दिवसांत हरकत घेता येते. 'बाधित कुटुंब' या संज्ञेत संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका करणारी कुळे, शेतमजूर व कारागीर यांचाही समावेश आहे. मुळशीत ज्याचे नाव दप्तरी नव्हते, त्याला या व्याख्येने ओळख दिली. महाराष्ट्राने 2018 च्या दुरुस्तीने काही वर्गांतील प्रकल्पांना संमती व परिणाम-अभ्यास यांतून सूट देण्याची तरतूद केली आहे. त्यामुळे आपल्या गावातील प्रकल्पास कोणती कलमे लागू होतात, हे पंचायतीने आरंभीच तपासून घेणे आवश्यक ठरते.

कायदा कागदावर असणे आणि तो गावात पोहोचणे यांत अंतर असते. ते अंतर कमी करणे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या हाती आहे. सुनावणीची सूचना वेळेवर व समजेल अशा भाषेत लागली काय, कुळांची व मजुरांची नावे यादीत आली काय, हरकत घेणाऱ्यास विकासाचा विरोधक न समजता त्याचे म्हणणे नोंदविले गेले काय, या साध्या गोष्टींवर बरेच अवलंबून असते. नकार हाही माहितीचा एक प्रकार आहे. योजनेतील जे दोष नकाशावर दिसत नाहीत, ते नकार देणारा दाखवीत असतो.

मुळशीच्या शेतकऱ्यांना सुनावणी मिळाली नाही, म्हणून ते धरणाच्या जागेवर जाऊन बसले. आज एखाद्या गावाला सुनावणीची तारीख मिळते, ग्रामसभेत हात वर करून 'नाही' म्हणता येते आणि ते इतिवृत्तात लिहिले जाते, तेव्हा त्या नोंदीमागे रामनवमीच्या उन्हात बसलेल्या त्या 1,200 माणसांचीही पुण्याई आहे. इतिवृत्त लिहिणाऱ्याने ते 'नाही' जसेच्या तसे लिहावे, एवढी तरी त्यांची अपेक्षा रास्त ठरेल.