खाण दाराशी, म्हणून नोकरी घरात येत नाही

बालाघाट शहराला लागून असलेली भरवेलीची मँगनीज खाण आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. तिकडे बैहरच्या पलीकडे मलाजखंडला देशातला तांब्याचा सर्वांत मोठा साठा आहे. जमिनीच्या पोटात एवढं असूनही इथली पोरं गोंदियाला गाडी बदलून नागपूर, हैदराबाद गाठतात. त्यामागे रोजगाराची टंचाई आहेच, पण नोकरीबद्दलच्या काही पक्क्या समजुतीही आहेत. त्यातल्या निम्म्या वडिलांच्या काळात खऱ्या असतील. आज त्यांच्यावर विसंबणं महागात पडतं.

'खाण आपल्या जिल्ह्यात, तर नोकरीही आपल्याच पोराला.' भरवेलीची खाण चालवणाऱ्या मॉइल कंपनीच्या अकरा खाणींपैकी चार बालाघाट जिल्ह्यात आहेत, उरलेल्या सात नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत. कंपनी केंद्र सरकारची. अशा कंपनीला केवळ रहिवासाच्या कारणावरून कुणाला डावलता येत नाही, राज्यघटनेचं कलम १६ आड येतं. भरवेलीच्या जागेसाठी भरवेलीच्या पोराला बाहेरच्या उमेदवारांबरोबरच परीक्षेला बसावं लागतं.

'जमीन गेली की एकाला नोकरी ठरलेलीच.' २०१३च्या भूसंपादन कायद्यात पर्याय तीन आहेत. प्रकल्पात रोजगार निर्माण होत असेल तर कुटुंबातल्या एकाला काम, नाहीतर एकरकमी पाच लाख रुपये, नाहीतर वीस वर्षं दरमहा किमान दोन हजार, तेही महागाईनुसार वाढणारे. यातलं आपल्याला काय मिळणार, हे संमतीचा अंगठा उठण्याआधी लेखी विचारायचं असतं.

'मुलाखतीत सेटिंग करून देतो' म्हणणाऱ्यांबद्दल फार लिहायला नको. केंद्र सरकारच्या गट क आणि गट बमधल्या अराजपत्रित पदांसाठीच्या मुलाखती १ जानेवारी २०१६पासून बंद झाल्या. जी मुलाखत होतच नाही तिच्यासाठी हे लोक पैसे घेतात. व्यापमंचा घोटाळा ज्या राज्यात झाला, तिथे तरी हे वेगळं सांगावं लागू नये.

मध्यप्रदेश सरकारच्या 'सीखो-कमाओ' योजनेलाही पुष्कळ जण नोकरी समजतात. २०२३ साली सुरू झालेल्या या योजनेत बारावी पास मुलाला महिना आठ हजार, पदवीधराला दहा हजार विद्यावेतन ठरलं. ते विद्यावेतन आहे, पगार नव्हे. प्रशिक्षण संपल्यावर त्या कारखान्याने कामावर घेतलंच पाहिजे, असं बंधन नाही. हात शिकला, एवढा फायदा मात्र खरा.

आता सर्वांत महागडा गैरसमज: 'दहा वर्षं ठेक्यावर काढली, आता परमनंट करावंच लागेल.' या आशेवर माणसं पस्तिशी ओलांडतात, वयोमर्यादा निघून जाते आणि दुसरीकडे अर्ज भरायचा राहून जातो. दहाचा आकडा हवेतून आलेला नाही. १० एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उमादेवी खटल्यात निकाल दिला. नियमित भरती न होता सरकारी कामावर लागलेल्या हंगामी माणसाला केवळ वर्षं भरली म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असं त्यात सांगितलं. मंजूर पदावर, कोर्टाच्या आदेशाचा आधार न घेता दहा वर्षं काम केलेल्यांचा एकदाच विचार करावा, अशी सवलत मात्र दिली. लोकांनी 'दहा वर्षं' लक्षात ठेवलं आणि 'एकदाच' विसरले.

ठेकेदाराच्या माणसाची वाट याहून अवघड. ठेका पद्धत सरकारने बंद केली तरी कामगार मूळ कंपनीत आपोआप सामावले जात नाहीत, हे 'सेल' या सरकारी पोलाद कंपनीच्या खटल्यात २००१ सालीच ठरलं. ठेका नुसता दाखवण्यापुरता आहे, हे सिद्ध करता आलं तरच गोष्ट बदलते. दार मात्र अगदी बंद झालेलं नाही. कायम स्वरूपाचं काम वर्षानुवर्षं हंगामी माणसाकडून करून घ्यायचं आणि उमादेवी निकालाच्या आड लपायचं, हे चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये जग्गो खटल्यात सरकारला सुनावलं. पण ती वाट कोर्टाची आणि लांबची. तोवर इतर अर्ज भरणं सोडू नये.

याच्या अगदी उलटी समजूतही तितकीच रुजलेली आहे: 'परमनंट नाही, म्हणजे हक्कच नाही.' २१ नोव्हेंबर २०२५पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांच्यावर संघटनांचे आक्षेप आहेत, विशेषतः तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला सरकारी परवानगीशिवाय कपात करता येते यावर. पण त्यातलं जे आपल्या बाजूचं आहे ते वापरायला हवं. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी नेमणूकपत्र देणं सक्तीचं आहे, आणि खाणीत तर एक माणूस असला तरी. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर हिशोब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती भरण्याची जबाबदारी ज्या कंपनीचं काम आहे तिच्यावर येते. ठरावीक मुदतीच्या करारावर नेमलेल्याला ग्रॅच्युइटीसाठी पाच नव्हे, एक वर्ष पुरतं. आणि ठेकेदार बदलला म्हणून पीएफ बुडत नाही. यूएएन क्रमांक माणसाचा असतो, तो त्याच्यासोबत पुढच्या कामावर जातो.

'खाण बायकांसाठी नाही' हेही आता खरं नाही. १९५२च्या खाण कायद्याने महिलांना जमिनीखाली कामाला बंदी होती. जानेवारी २०१९मध्ये तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी, तेही दिवसपाळीपुरती, ती उठली. नव्या संहितेत संमती आणि सुरक्षेच्या अटींवर महिलांना सगळी कामं आणि रात्रपाळीही मोकळी आहे. आयटीआयला मुलगी घालताना शिवणकामाच्या पुढचा ट्रेड बघायला हरकत नाही.

गैरसमज मालकांकडेही कमी नाहीत. वारासिवनीपासून गोंदियापर्यंत राईसमिलवाले असोत की दुकानदार, तक्रार एकच: माणसं टिकत नाहीत. मग कुणी मूळ मार्कशीट ठेवून घेतो, कुणी मोठा ॲडव्हान्स देऊन माणूस 'बांधतो'. ॲडव्हान्सपोटी माणूस काम सोडू शकत नसेल, तर १९७६च्या कायद्यानुसार ती वेठबिगारी आहे आणि तिला तुरुंगवासाची शिक्षा आहे. किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही सक्तीची मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच, दिल्लीच्या एशियाडच्या मजुरांच्या प्रकरणात, म्हटलं आहे. बाँड सरसकट बेकायदा असतो हेही मात्र खरं नाही. विजया बँकेने तीन वर्षांआधी सोडणाऱ्या अधिकाऱ्याला दोन लाख भरायला लावणारी अट घातली होती. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. सोडण्याची किंमत ठरवता येते, सोडायची बंदी घालता येत नाही.

माझं मत विचाराल तर, इथल्या मालकाची स्पर्धा शेजारच्या मिलशी नसून नागपूरशी आहे. नागपूरला गेलेल्या पोराला खोलीभाडं आणि खानावळ धरून हातात फार उरत नाही. घरी राहून वेळेवर पगार, नियमित जमा होणारा पीएफ आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी मिळाली तर गोंदियाची गाडी धरण्याआधी तो विचार करील. यातला पीएफ तर वीस किंवा अधिक माणसं असलेल्या मालकाला तसाही टाळता येत नाही.

ठेक्यावर काम करत असाल तर या आठवड्यात दोन गोष्टी करा: नेमणूकपत्र लेखी मागा, आणि उमंग ॲपवर आपलं पीएफ पासबुक उघडून बघा. पगारातून रक्कम कापली जाते पण पासबुकात दिसत नसेल, तर भविष्य निर्वाह निधी कार्यालयात तक्रार करा. त्यासाठी ठेकेदाराची सही लागत नाही.