रेवसहून देवमासा किती लांब?

“देवमासा बगाला? मंग अर्ध्या दिसानी नाय भागाचा, ताई. तीन दिसांचा डिझेल भराला लागंल.”

रेवसच्या धक्क्यावर तांडेलकाकांनी हे ऐकवलं तेव्हा सकाळचे सहा वाजले होते आणि उजाडायला अजून अवकाश होता. फेब्रुवारीचा महिना. जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहत होती. सुकती लागली होती, धरमतरच्या खाडीचं पाणी बाहेर ओढत होतं. समोर करंजाचे दिवे, मागे अंधारात कनकेश्वराच्या डोंगराची पाठ. भाऊच्या धक्क्याहून येणारी पहिली लाँच यायची होती. सुकतीबरोबर बाहेर पडायचं आणि भरतीबरोबर आत यायचं, म्हणजे मशीनवर ताण येत नाही, असं काकांचं गणित होतं. सहा तासांचा सौदा ठरला होता. तरी त्यांनी आधीच सांगून टाकलं की देवमासा दिसायचा नाही, आणि पैसे त्या आशेवर देऊ नका.

मला त्यांचा हा रोखठोकपणा फार मोलाचा वाटला. कोकणात गेल्या काही वर्षांत ‘डॉल्फिन सफारी’ हा शब्द रुळला आहे. मुरुड-हर्णै, कर्दे, तारकर्ली इथे सकाळी होड्या सुटतात आणि बहुतेकांना डॉल्फिन दिसतात. आता पुढची पायरी म्हणून ‘व्हेल सफारी’ची भाषा ऐकू येते. श्रीलंकेत दक्षिण टोकाच्या मिरिस्सा गावातून सकाळी होडी सुटते आणि दुपारच्या जेवणापर्यंत लोक निळा देवमासा पाहून परत येतात, मग आपल्याकडे का नाही? प्रश्न साधा आहे. त्याचं उत्तर मात्र समुद्राच्या तळाशी आहे.

मिरिस्सासमोर समुद्राचा तळ किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर खोल कोसळतो. आपल्याकडे उलट आहे. शाळेच्या भूगोलात आपण ‘भूखंडमंच’ शिकलो, म्हणजे किनाऱ्यालगतची पाण्याखालची उथळ जमीन. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ही जमीन सर्वांत रुंद आहे ती मुंबईच्या आसपास. ती ३०० किलोमीटरहून अधिक आत जाते. दक्षिणेकडे ती अरुंद होत कोचीपाशी साधारण ६० किलोमीटरवर येते. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत आहे, आणि तिथेही पाणी जेमतेम ७५ मीटर खोल आहे. म्हणूनच तर तिथे खांब रोवून तेल काढता आलं.

आता काकांची होडी. ताशी सात-आठ सागरी मैल, म्हणजे तेरा-चौदा किलोमीटर. तीन तास जायचं, तीन तास यायचं. फार तर चाळीस किलोमीटर बाहेर पोचू. खंडान्त उतार, जिथून खरं खोल पाणी सुरू होतं, तो गाठायला याच चालीने वीस-बावीस तास एका बाजूने लागतील. काकांनी कागद-पेन्सिल न घेता सांगितलेले तीन दिवस हेच होते.

उजाडता उजाडता आम्ही मांडव्यासमोर आलो. खाडीच्या तोंडाशी डोलीची जाळी लावलेली असतात. त्यांच्या तरंगत्या पिंपांमधून वाट काढत होडी चालली होती. बोंबील, जवळा, मांदेली, आंबाड ही डोलीची मासळी ओढीच्या पाण्यात आपसूक जाळ्यात शिरते. त्याच मासळीमागे गादा येतो.

प्रथम आवाज आला. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा, फुस्स. काकांनी लगेच मशीन बंद केलं. उजव्या हाताला तीसेक हातांवर आधी लांब चोच वर आली, मग पाठीवरचं मदार, त्या मदारावर बसवल्यासारखा छोटा पर, आणि पाठ गोल करून सगळं पाण्यात गेलं. पुन्हा एक. मग दोन एकदम, त्यातलं एक पिल्लू. त्याला मदार जवळजवळ नव्हतंच, आणि ते आईच्या कुशीला इतकं चिकटून होतं की दोघांचा श्वास एकाच क्षणी सुटत होता. पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं, वीतभर खालचंही दिसत नव्हतं. या प्राण्यांना त्यात डोळ्यांचा उपयोग थोडाच. ते आवाज सोडतात आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून जाळं कुठे, मासा कुठे, होडी कुठे हे ओळखतात. वीस मिनिटं आम्ही गप्प बसून होतो. मशीन चालू असतं तर यातलं काहीच कानावर आलं नसतं, आणि त्यांनाही एकमेकांचं काही ऐकू गेलं नसतं.

हा आपला मदारवाला डॉल्फिन, शास्त्रीय नाव सौसा प्लंबिया. कोकणातले मच्छीमार त्याला गादा म्हणतात. तो किनारा सोडून आत जात नाही. उथळ पाणी, खाड्यांची तोंडं, बंदरं हेच त्याचं घर, म्हणजे जिथे माणसाची सर्वांत जास्त वर्दळ तिथेच. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत तो संकटग्रस्त आहे. त्याच पाण्यात आणखी एक शेजारी राहतो, परच नसलेला पॉरपॉइज. जुन्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत त्याचं मराठी नाव ‘भुलगा’ असं नोंदलेलं आहे. तो उडी मारत नाही, फुसकारा मोठा नाही, पाठ क्षणभर दिसते आणि जाते. मुंबईच्या दारात राहणारा हा प्राणी बहुतेक मुंबईकरांनी पाहिलेला नाही.

या दोघांच्या डोक्यावरून काय काय जातं ते त्या सकाळी दिसत होतंच. मुंबई बंदर आणि न्हावा-शेवा या दोन्हींची जहाजं याच तोंडातून आत-बाहेर करतात. ७ ऑगस्ट २०१० रोजी इथेच एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं एकमेकांवर आदळली आणि तेलाचा तवंग उरण-अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत पसरला. रेवसच्या माणसाला मात्र या पाण्यात दुर्घटना म्हटली की एकच आठवते, १७ जुलै १९४७ची ‘रामदास’. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. काकांनी त्या दिशेला हात केला, बोलले काहीच नाहीत.

खांदेरीचं दीपगृह दिसू लागलं तसं पाणी चहाच्या रंगाचं हिरवट झालं. खांदेरी मागे टाकून आम्ही आणखी तासभर पश्चिमेला गेलो. क्षितिजावर जहाजं नांगरून उभी होती. देवमासा दिसला नाही.

पण तो इथे येतच नाही असं नाही. रेवसपासून सडकेने जेमतेम चाळीस किलोमीटरवर रेवदंडा आहे. २०१५च्या जूनमध्ये तिथल्या किनाऱ्यावर ४२ फुटी निळा देवमासा जिवंत लागला. गावकरी, कोळी, सरकारी खात्यांची माणसं, सगळे कित्येक तास झटले, पण त्याला पाण्यात नेता आलं नाही. तो तिथेच मेला आणि किनाऱ्यावरच त्याला पुरलं. निळ्या देवमाशाचं पिल्लू जन्मतःच सात मीटरच्या आसपास असतं. म्हणजे ४२ फूट हे वाढीचंच वय. पाण्यात ज्या देहाचं वजन जाणवत नाही, तोच देह वाळूवर आल्यावर स्वतःच्या भाराने फुप्फुसं दाबतो. कातडीखालचा चरबीचा जाड थर थंड पाण्यात जीव राखतो, तोच किनाऱ्यावर अंगातली उष्णता कोंडून धरतो. त्याच्यावर पाणी ओतणारे ते गावकरी योग्य तेच करत होते. कमी पडली ती उपकरणं, आणि वेळ.

योगायोग असा की त्याच वर्षी, त्याच्या थोडं आधी, उन्हाळ्यात सिंधुदुर्गातल्या कुणकेश्वरसमोर निळे देवमासे जिवंत, पोहताना दिसले होते. सोबत पिल्लू होतं. कोकण सीटेशियन रिसर्च टीम या तरुण अभ्यासकांच्या गटाने मच्छीमारांच्या होड्यांतून आखीव रेषांवर तासन् तास फिरून केलेल्या पाहणीत ही नोंद झाली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जवळपास शंभर वर्षांनी निळा देवमासा पाहिल्याची ती बातमी होती. एकाच वर्षात दोन बातम्या: एक जिवंत, एक मेलेला. मेलेल्याला गर्दी झाली. जिवंत पाहणारे मूठभर होते आणि त्यासाठी ते महिनोन् महिने समुद्रावर होते.

मेलेला किंवा मरणारा देवमासा आपल्याकडे वारंवार येतो. जानेवारी २०१६मध्ये जुहूच्या चौपाटीवर ब्राइड जातीच्या देवमाशाचं कलेवर लागलं. नोव्हेंबर २०२३मध्ये ऐन दिवाळीत गणपतीपुळ्याच्या वाळूत पिल्लू रुतलं. सुट्टीला आलेले पर्यटक, ग्रामस्थ, वनखातं यांनी दोन दिवस त्याला जगवलं, ओढून पाण्यात नेलं. टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी ते मेलेलं परत किनाऱ्याला आलं. आईशिवाय दूधपितं पिल्लू खोल पाण्यात सोडून जगत नाही, हे तेव्हा त्या गर्दीतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. ठाऊक असतं तरी त्यांनी तेच केलं असतं, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही.

अरबी समुद्रातले देवमासे कमी का दिसतात याचं एक उत्तर फार उशिरा हाती आलं. १९६३ ते १९६७ या काळात सोव्हिएत युनियनच्या ‘स्लावा’ आणि ‘सोवेत्स्काया उक्राइना’ या शिकारी ताफ्यांनी अरबी समुद्रात ३,३३९ देवमासे मारले. त्यांत १,२९४ निळे होते आणि २४२ हंपबॅक, म्हणजे कुबडे. ही शिकार ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्यासमोर चालली होती. जगाला दिलेले आकडे वेगळे होते. खरे आकडे सोव्हिएत युनियन कोसळल्यावर तिथल्याच शास्त्रज्ञांनी बाहेर काढले. १९७९ साली हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयारण्य ठरला, पण तोवर हे होऊन गेलं होतं.

त्या २४२चा अर्थ कळायला हे लक्षात घ्यावं लागतं की जगभरचे कुबडे देवमासे ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे आणि परत असे हजारो मैल जातात, फक्त अरबी समुद्रातले जात नाहीत. सुमारे ७०,००० वर्षांपासून ते बाकीच्यांपासून वेगळे पडले आहेत. इथेच चरतात, इथेच वितात. आज ओमानसमोर त्यांची संख्या शंभराच्या आत असल्याचा अंदाज आहे. त्यातल्या एका मादीला २०१७च्या अखेरीस ओमानमध्ये उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं. तिच्या शेपटीवरची नक्षी धूपाच्या झाडासारखी, म्हणून नाव लुबान, आपण उदाबरोबर जाळतो त्या लोबानाचंच नाव. ही लुबान दीडेक हजार किलोमीटर समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, किनाऱ्याच्या समांतर कन्याकुमारीकडे गेली आणि परत ओमानला पोचली. आपल्या दारावरून एवढा मोठा जीव गेला आणि यंत्र नसतं तर कुणाला पत्ता लागला नसता.

कुणाला? इथे मला थांबून विचार करावासा वाटतो. पर्यटकांना लागला नसता, शास्त्रज्ञांनाही नाही. पण त्या पाण्यात रोज ट्रॉलर असतात. आठ-दहा दिवसांची फेरी करणारे तांडेल आणि खलाशी जे पाहतात ते पाहायला कुठल्याही संशोधन संस्थेकडे तेवढ्या होड्या नाहीत, तेवढे दिवसही नाहीत. सागरी सस्तन प्राण्यांच्या भारतभरच्या नोंदी एकत्र करणारं संकेतस्थळ अभ्यासकांनी उभं केलं आहे, पण रेवसच्या धक्क्यावरचा खलाशी त्यावर इंग्रजीत अर्ज भरायला बसेल ही अपेक्षाच चूक आहे. डिसेंबर २०१८पासून राज्याच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय खात्याने एक योजना सुरू केली. संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात आला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही योजना मला मोलाची वाटते, कारण तिने मच्छीमाराला दोषी धरलं नाही, भागीदार मानलं. तिचीच पुढची पायरी स्वस्त आहे: प्रत्येक बंदरावर, बर्फ आणि डिझेल भरायच्या जागी, मराठीतली एक नोंदवही. काय दिसलं, कुठे, किती वाव खोल पाण्यात, कधी. ‘व्हेल सफारी’चे फलक लावण्याआधी ही वही हवी. कुणकेश्वरसमोर किंवा आणखी कुठे उद्या खरोखर होड्या सुटल्याच, तर कुठल्या महिन्यात जायचं आणि कुठे मशीन बंद करून थांबायचं हे याच वहीतून कळेल. नाहीतर दहा होड्या एका गाद्याला घेरून उभ्या राहतात हे दृश्य किनाऱ्यावर काही ठिकाणी आजच दिसतं, आणि दूधपित्या पिल्लाच्या आईला ते किती जड जात असेल हे मांडव्यासमोर पाहिल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

भरती लागली तसे आम्ही वळलो. परतीच्या वाटेवर काकांचा पुतण्या, जो वर्षातले आठ महिने ट्रॉलरवर असतो, माझ्याजवळ येऊन बसला. मोबाइलच्या काचेला तडा गेलेला, त्यावर खवला चिकटलेला. तो अंगठ्याने पुसून त्याने एक चित्रफीत लावली. अकरा सेकंद. राखाडी पाणी, होडीचं डोलणं, कुणीतरी “अरे बग बग” ओरडतंय. मग एक लांब काळसर पाठ संथपणे वर येते, संपतच नाही, आणि शेवटी तिच्या टोकाकडे मागे वाकलेला कोयत्यासारखा छोटा पर. मी ती सहा वेळा पाहिली. ब्राइड असावा. निश्चित करायला डोक्यावरच्या तीन उभ्या कडा दिसायला हव्यात, आणि डोकं फितीत आलेलं नव्हतं.

“किती वाव होतं?” मी विचारलं.

“तीस.”

“कधी?”

“आक्टोबरान.” तो तारीख आठवू लागला. सुकाणू धरलेल्या काकांनी मागे न वळताच सांगितलं, “कोजागिरीच्या आदल्या दिशी. उदान व्हता, जालं लय तानत व्हता.”

मी वहीत लिहिलं: आश्विन शुद्ध चतुर्दशी, तीस वाव, खांदेरीच्या पश्चिमेला, एक. पुतण्याने वही मागून घेतली, वाचली, आणि ‘एक’च्या पुढे स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘मागे अजून एक फुसकारा दिसला होता.’