कामट्या ते तारा

ठाकुर्लीहून मुंबईकडे निघालं की डोंबिवलीनंतर कोपर येतं. गाडी तिथे थांबली की आम्ही भावंडं दादाला चिडवायचो, कारण त्याचा डावा हात कोपरापासून अंगाकडे वळलेला, बंदुकीच्या दस्त्यासारखा. लहानपणी पेरूच्या झाडावरून पडला, कोपर टम्म सुजलं, हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पण वाकडं.

तरी तो नशिबवानच. आवळून बांधलेल्या हाताचा रक्तपुरवठा तुटला की स्नायू मरतात आणि बोटं कायमची आखडतात, हे फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने १८८१ मध्येच लिहून ठेवलं होतं.

दंडाचं हाड कोपराच्या किंचित वर फार पातळ असतं. पाच ते सात वर्षांचं मूल हात टेकून पडलं की बहुधा तिथेच मोडतं. त्यात या हाडाची वाढ मुख्यतः खांद्याकडून होते, कोपराकडून जेमतेम २० टक्के. 'वाढेल तसा सरळ होईल' हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा दिलासा म्हणूनच इथे फसवा.

डॉक्टरही पेचातच होते. तुकडे जागेवर राहावेत म्हणून कोपर पुरतं दुमडून प्लास्टर घालायचं, तर सुजेत धमनी चेपायची. १९३९ मध्ये डनलॉप यांनी वजन लावून हात ताणून ठेवायचा मार्ग मांडला. म्हणजे पोर आठवडेच्या आठवडे खाटेला खिळलेलं. १९४८ मध्ये स्वेन्सन यांनी कातडीतूनच तारा घातल्या. १९७४ मध्ये फ्लिन आणि सहकाऱ्यांनी अशाच तारांचा सोळा वर्षांचा अनुभव मांडला, तेव्हाही त्या पद्धतीला 'आंधळी' म्हणत. डोळे दिले ते ऑपरेशन चालू असतानाच क्ष-किरणांनी हाड दाखवणाऱ्या सी-आर्म यंत्राने. पण माझ्या मते खरी सुटका तारेनेच केली: हाड तिने धरलं, आणि कोपर दुमडायची सक्तीच संपली.

प्रत्येक कोपर इतक्या सरळ हिशेबाचं नसतं. बाहेरचा कंगोरा सरकला तर बरेचदा उघडून बसवावा लागतो, आणि आतल्या बाजूने तार घालताना करंगळीकडे जाणारी नस सांभाळावी लागते.

गेल्या पावसाळ्यात दादाची नात सोसायटीच्या ओल्या फरशीवर घसरली. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी तिला अंगठा आणि तर्जनीचा गोल करायला लावला. नस शाबूत आहे का ते पाहायला. दोन तारा, वर सैलसर स्लॅब. चौथ्या आठवड्यात ओपीडीतच पकडीने तारा काढल्या.

पहिल्या रात्री मात्र, बोटं गार पडली तर लगेच सांगा, असं नर्स म्हणाली होती. दादा पहाटेपर्यंत आपल्या वाकड्या हाताने तिची बोटं चाचपत बसला होता.